बाळ मान धरत नाही: सेरेब्रल पाल्सीची दीडशे वर्षांची गोष्ट

आजची गोष्ट लंडन, व्हिएन्ना, अमेरिका असं बरंच फिरून येणार आहे, पण तिची सुरुवात आपल्या दाराशीच करू.

नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरून सोपारा गावात गेलं की एक जुनी टेकडी आहे. तिला लोक बुरूड राजाचा कोट म्हणतात. तिथं १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी खोदकाम केलं आणि आतून बौद्ध स्तूप निघाला. त्याच साली सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या आज्ञेचा दगडी तुकडा सापडला. पुढे १९५६ मध्ये शेजारच्या भुईगावात नवव्या आज्ञेचा तुकडा मिळाला. दोन्ही दगड मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. कधी गटाची सहल नेलीत तर जरूर बघा, आपल्या मातीतलेच आहेत ते.

त्या नवव्या आज्ञेत राजा सांगतो की आजारपणात, लग्नकार्यात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना तऱ्हेचे विधी करतात. त्यातही बायका फार करतात आणि त्यांचं फळ थोडंच मिळतं. आता फळ थोडं मिळतं हे खरंच. पण बाई हे का करते, हा प्रश्न त्या दगडावर काही कोरलेला नाही. घरात मूल निपचित पडलंय, कोणी काही सांगत नाही, हातात दुसरा उपाय नाही, तेव्हा ती अंगारा लावते, नवस बोलते. बावीसशे वर्षांहून जास्त काळ गेला, तरी मूल आजारी पडलं की बोट आईकडेच वळतं. आज ज्या आजाराबद्दल बोलायचं आहे त्यात तर हे बोट फारच वळलेलं आहे.

तुम्ही हे पाहिलं असेल. पाच महिन्यांचं बाळ मान धरत नाही. मुठी घट्ट मिटलेल्या, उघडता उघडत नाहीत. दुपटं बदलताना पाय कात्रीसारखे एकात एक अडकतात. दूध पाजताना ठसका लागतो. सासूबाई म्हणतात, होईल सावकाश, याच्या बापानंही उशिराच मान धरली होती. शेजारीण म्हणते, ग्रहणात बाहेर पडली होतीस ना तू? कोणी म्हणतं नजर लागली, कोणी म्हणतं बाहेरची बाधा. मग देवऋषी, मग मालीशवाली, मग एखादा डॉक्टर नुसतं टॉनिक लिहून देतो. हे करता करता बाळ दोन वर्षांचं होतं. ही दोन वर्षंच त्याच्या सगळ्यात कामाची होती.

या अवस्थेला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. दवाखान्यात थोडक्यात सी.पी. म्हणतात, सरकारी मराठीत मेंदूचा पक्षाघात. बाळाचा मेंदू वाढत असतानाच, पोटात, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काळात, त्याच्या एखाद्या भागाला इजा होते. हातापायांना हालचालीचे हुकूम देणारा तो भाग असतो. हात, पाय, पाठ जागच्या जागी ठीक असतात, पण हुकूमच चुकीचा पोचतो. म्हणून कोणाचे स्नायू ताठ होतात, कोणाचे हातपाय आपोआप वळवळतात, कोणाचा तोल राहत नाही. मेंदूला झालेली इजा पुढे वाढत नाही, पण पुसलीही जात नाही. जगात साधारण हजार मुलांमागे दोन ते तीन मुलांना हा त्रास असतो. आणखी एक आकडा ध्यानात ठेवा. परदेशात मोजदाद झाली तेव्हा दिसलं की यातल्या तीन मुलांतलं एक चालू शकत नाही, चारांतलं एक बोलू शकत नाही, पण जवळजवळ निम्म्या मुलांची बुद्धी इतर मुलांसारखीच असते. तोंडातून लाळ गळते, बोलणं कळत नाही, म्हणून मूल ‘खुळं’ ठरवायचं, असं आपल्याकडे सर्रास होतं. ते निम्म्या वेळा साफ चुकीचं असतं. आणि उरलेल्या निम्म्या मुलांना बुद्धी कमी असली तरी त्यांनाही शिकता येतंच.

या आजाराचा पहिला नीट अभ्यास लंडनच्या डॉ. विल्यम जॉन लिटल यांनी केला. लहानपणी पोलिओ होऊन लिटल यांचा स्वतःचा पाय वाकडा झाला होता. तरुणपणी जर्मनीत जाऊन त्यांनी त्यावर शस्त्रक्रिया करून घेतली, तीच विद्या शिकून ते परत आले आणि लंडनमध्ये अशा मुलांसाठी रुग्णालय काढलं. १८६१ साली त्यांनी तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या सभेत निबंध वाचला. ताठ हातापायांची कित्येक मुलं त्यांनी पाहिली होती आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा जन्म अवघड झाला होता. कोणी वेळेआधी जन्मलेलं, कोणी अडलेलं, कोणी जन्मल्यावर उशिरा रडलेलं. जन्माच्या वेळी श्वास अडकला की मेंदूला इजा होते, असं त्यांनी मांडलं. ही मोठी गोष्ट होती. कारण तोवर शाप, पाप, वंशदोष यांवरच सगळं थांबत होतं. पुढे कितीतरी वर्षं या आजाराला ‘लिटलचा आजार’ असंच नाव होतं.

पण त्यातून एक नवी पंचाईत झाली. सगळा ठपका बाळंतपणावर आला. म्हणजे कधी सुईणीवर, कधी डॉक्टरवर, आणि घरात आईवर. नीट कळ दिली नाही, वेळेवर सांगितलं नाही, फार काम केलं, कमी काम केलं.

व्हिएन्नामध्ये एक तरुण डॉक्टर मुलांच्या दवाखान्यात मज्जासंस्थेचे रोगी पाहत असे. त्याचं नाव सिग्मंड फ्रॉइड. होय, तोच, जो पुढे मनाच्या अभ्यासासाठी जगभर गाजला. त्यानं १८९७ साली या आजारावर मोठा ग्रंथ लिहिला आणि वेगळीच शंका काढली. बाळंतपण अवघड झालं म्हणून मेंदू बिघडला असं आपण म्हणतो. पण उलटंही असू शकेल ना? पोटात असतानाच बाळाच्या वाढीत काही बिघाड झालेला असेल आणि म्हणूनच बाळंतपण अवघड झालं असेल. तेव्हा कोणी फारसं ऐकलं नाही.

ही शंका तपासायला नव्वद वर्षं लागली. अमेरिकेत १९५९ ते १९६६ या काळात सुमारे पन्नास हजार गर्भारपणांची नोंद ठेवली गेली आणि त्या मुलांवर पुढे कित्येक वर्षं लक्ष ठेवलं. त्या नोंदी घेऊन डॉ. कॅरिन नेल्सन आणि त्यांचे सहकारी योनास एलेनबर्ग यांनी १९८६ मध्ये दाखवून दिलं की जन्माच्या वेळी श्वास कोंडणं हे कारण थोड्याच मुलांच्या बाबतीत लागू पडतं. बहुतेकांच्या बाबतीत मूळ त्याआधीचं असतं: अपुऱ्या दिवसांचा जन्म, पोटातला संसर्ग, मेंदूची घडणच वेगळी होणं, बाळाच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकणं. कित्येकदा कारण सापडतच नाही. आपल्या देशात घरची बाळंतपणं, उशिरा मिळणारी गाडी, जन्मानंतरची कावीळ आणि जंतुसंसर्ग यांचा वाटा अजून मोठा आहे, त्यामुळे दवाखान्यातलं बाळंतपण आपल्याला हवंच. पण ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून, डोहाळे पुरवले नाहीत म्हणून, जिना चढली म्हणून हे झालं, असं कोणी म्हणालं तर त्याला सरळ सांगा की एवढा अभ्यास झाला आणि त्यात असलं काही निघालं नाही.

काविळीचा विषय निघालाच आहे तर एका नर्सची गोष्ट सांगते. मला ही गोष्ट फार आवडते. नवजात बाळाची कावीळ फार वाढली की रक्तातला पिवळा पदार्थ मेंदूत शिरतो आणि कायमची इजा करतो. त्यातून होणाऱ्या सी.पी.मध्ये हातपाय वेडेवाकडे वळतात आणि बऱ्याचदा ऐकूही कमी येतं. १९५६ साली इंग्लंडमध्ये रॉचफर्ड नावाच्या गावच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षाच्या प्रमुख होत्या. बंद खोलीपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना बरं, असं त्यांचं मत. त्या बाळांना अंगणात नेत. एक दिवस त्यांनी जरा भीतभीतच डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. सगळं अंग फिकट, फक्त एक तिकोनी पट्टा गर्द पिवळा. डॉक्टर म्हणाले, हे काय रंगवलंय? त्या म्हणाल्या, नाही, इथं चादरीचा कोपरा होता, बाकी अंगाला ऊन लागलं. त्या निरीक्षणातून निळ्या दिव्याखाली बाळ ठेवायचा उपचार जन्माला आला. आज आपल्याकडच्या नवजात बाळांच्या कक्षातही ते दिवे असतात. मात्र ऐका, आता घरच्या उन्हावर विसंबू नका. पहिल्या चोवीस तासांतच बाळ पिवळं दिसलं, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत गेला, बाळ सुस्त झालं, दूध ओढेना, तर तडक दवाखाना गाठा. सी.पी. आधीच टाळता येते अशा थोड्या ठिकाणांपैकी हे एक आहे.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. इथं लुळ्या पडलेल्या मुलांच्या उपचाराची सुरुवात झाली ती सी.पी.मुळे नाही, पोलिओमुळे. फातेमा इस्माइल या स्वातंत्र्यचळवळीतल्या बाईंच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला. मुलीसाठी वणवण करताना त्यांना दिसलं की आपल्याकडे निदान फिरायची ऐपत तरी आहे, बाकीच्या आयांनी जायचं कुठं? १९४७ साली त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी संस्था उभी केली. त्यातूनच पुढे हाजी अलीचं मुलांचं अस्थिरोग रुग्णालय झालं. १९५५ मध्ये त्याच परिसरात केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था सुरू झाली. महालक्ष्मी स्टेशनला उतरून आजही आपल्या भागातल्या आया मुलांना घेऊन तिथं जातात.

परळच्या केईएम रुग्णालयात १९५० साली कमलाबाई निंबकर यांनी व्यवसायोपचाराचं, म्हणजे ज्याला दवाखान्यात ओ.टी. म्हणतात त्याचं, देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. कमलाबाई मूळच्या अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लुंडी. विष्णुपंत निंबकरांशी लग्न करून त्या इथल्या झाल्या. फलटणची कमला निंबकर बालभवन शाळा ऐकली असेल, ती त्यांच्याच नावाची. त्यांचा विषय साधा होता: रोग्याला नुसतं बरं करून भागत नाही, त्याला बटण लावता आलं पाहिजे, घास तोंडात घालता आला पाहिजे, काम करता आलं पाहिजे. १९५३ मध्ये केईएममध्येच फिजिओथेरपीचं विद्यालयही सुरू झालं.

या खोल्यांमध्ये पोलिओच्या मुलांबरोबर सी.पी.ची मुलंही येऊ लागली. पण दोन्ही आजार वेगळे. पोलिओत पाय लुळा पडतो, त्याला लोखंडी पट्ट्या लावून आधार दिला की मूल उभं राहतं. सी.पी.त पाय उलट ताठ होतो आणि गडबड पायात नसून वर मेंदूत असते. पोलिओचा बूट घालून ते मूल चालत नव्हतं. अशा मुलांना ‘काही होणार नाही’ म्हणून घरी पाठवलं जाई. आज पोलिओ गेला. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात मूळ (वाइल्ड) विषाणूच्या पोलिओचा नवा रोगी नोंदला गेला नाही. लहान मुलांच्या हालचालींच्या अपंगत्वात आता सी.पी. हेच मोठं कारण उरलं आहे, आणि तरी आपल्या गावात पोलिओ सगळ्यांना ठाऊक आणि सी.पी. कोणालाच नाही.

सी.पी.च्या मुलांना वेगळं काही करता येईल, अशी आशा पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात दिली ती बर्टा बोबाथ आणि त्यांचे पती डॉ. कारेल बोबाथ यांनी. बर्टाबाई बर्लिनमध्ये व्यायाम शिकवत. हिटलरच्या काळात जीव वाचवून दोघंही लंडनला आले. ताठरलेला हात ओढून सरळ करायचा, हा तेव्हाचा रिवाज. बर्टाबाईंच्या लक्षात आलं की खांदा आणि धड नीट ठेवून हळूवार हाताळलं तर हात आपोआप सैल पडतो. त्यांची पद्धत जगभर पसरली.

१९६६ साली कलकत्त्यात एका मुलीचा जन्म झाला, मालिनी. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली. फार काही होणार नाही, असंच डॉक्टरांनी आईवडिलांना सांगितलं. आई, मिठू अलूर, मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथं त्यांनी पाहिलं की एकाच छपराखाली शाळाही असते आणि उपचारही. मूल सकाळी गणित शिकतं, मग थेरपीला जातं, मग परत वर्गात येतं. त्यांनी स्वतः विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण घेतलं. मुंबईला परतल्या तेव्हा मालिनीसाठी इथं शाळाच नव्हती. दवाखाना होता, पण तिथं अक्षरओळख नव्हती. शाळा होत्या, पण त्या असं मूल घेत नव्हत्या. म्हणून १९७२ साली त्यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली आणि कुलाब्याला मोजक्या मुलांची शाळा सुरू केली. अभिनेत्री नर्गिस दत्त या संस्थेच्या पहिल्या आश्रयदात्या. पुढे बांद्र्यालाही केंद्र झालं, धारावीच्या झोपड्यांतूनही काम सुरू झालं, आणि कलकत्ता, दिल्ली, बंगळूर, चेन्नई इथंही अशाच संस्था उभ्या राहिल्या. ‘स्पास्टिक’ म्हणजे ताठ स्नायू असलेला. इंग्रजीत या शब्दाची पुढे शिवीच झाली, म्हणून इंग्लंडमधल्या संस्थेनं १९९४ मध्ये आपलं नाव बदललं. मुंबईच्या संस्थेनंही बदललं, ती आता अडॅप्ट नावानं ओळखली जाते. आपण ‘पांगळं’, ‘लुळं’ किती सहज म्हणतो ते या निमित्तानं आठवून बघा.

मालिनी चिब चाकाच्या खुर्चीत बसतात, बोलणं समजायला अवघड जातं. त्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकल्या, लंडनमध्ये दोनदा एम.ए.च्या तोडीचं शिक्षण घेतलं, मुंबईत पुस्तकांच्या दुकानात नोकरी केली. एका करंगळीनं एकेक अक्षर दाबत त्यांनी आपलं आत्मचरित्र लिहिलं, २०१० साली ते इंग्रजीत आलं. त्यांच्याच आयुष्यावरून सुचलेला ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ हा सिनेमा २०१४ मध्ये आला.

आता तुम्ही म्हणाल, त्या शिकलेल्या, त्यांना इंग्लंडला जाता आलं. आम्हाला नालासोपाऱ्याहून महालक्ष्मीला जायचं तर गर्दीच्या लोकलमध्ये मूल खांद्यावर, एक दिवसाची मजुरी बुडते, तिथं रांग, आणि पुढच्या आठवड्यात परत. हे अगदी बरोबर आहे. या गोष्टीतला हा भाग गोड करून सांगायला मला आवडत नाही. थेरपी जवळ हवी, ही मागणी आपल्या गटांनी ग्रामसभेत, नगरसेवकाकडे, आरोग्य केंद्रात लावून धरण्यासारखी आहे. पण मधल्या काळात एक गोष्ट आपल्या बाजूनं झाली आहे, आणि ती अभ्यासातून आलेली आहे.

२०१३ साली ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सी.पी.वरचे सगळे उपचार तपासले आणि सिग्नलसारखे तीन रंग दिले. हिरवा म्हणजे करा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे नको. ज्या बोबाथ पद्धतीनं पन्नास वर्षं आशा दिली, तीच या यादीत मागे पडली. का? कारण थेरपिस्ट मुलाला हलवतो तेव्हा मूल काही शिकत नाही. मूल स्वतः हलतं तेव्हा शिकतं. हिरव्या रंगात आला तो साधा सराव: मुलाला जे काम जमायला हवं, तेच काम पुन्हा पुन्हा, त्याच्या रोजच्या जागी, त्याला हवंसं वाटेल असं. आणि घरी पालकांनी करायचा कार्यक्रमही हिरवाच. थेरपिस्टनं शिकवायचं, बदल पाहायचा, पुढचा टप्पा सांगायचा. पण रोजचा सराव घरचाच.

म्हणजे काय करायचं, तेही सांगते. बाळाला दिवसभर उताणं पाळण्यात ठेवू नका. जागं असताना, कोणी समोर बसून, थोडा थोडा वेळ पोटावर ठेवा. खेळणं हातात कोंबू नका, जरासं पलीकडे ठेवा, म्हणजे हात पुढे करावा लागेल. भरवताना आडवं ठेवून ओतू नका, मान मागे टाकून तर मुळीच नाही. अन्न श्वासनलिकेत जातं आणि पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटे घास. एकच बाजू अधू असेल तर थेरपिस्ट चांगल्या हाताला काही वेळ मोजा घालून अधू हातानं खेळायला लावतात. यानं फरक पडतो हे सिद्ध झालेलं आहे. मालीश करायला हरकत नाही, बाळाला बरं वाटतं. पण जोरानं पाय ओढून सरळ करणं, झटका देणं, बळेच उभं करणं नको. जे मूल चालत नाही त्याचा खुब्याचा सांधा हळूहळू निखळू शकतो, तेही न बोलता. म्हणून खुब्याचा एक्स-रे काढायचा का, हे डॉक्टरांना आपणहून विचारा. फिट येत असतील तर गोळी नियमित, एक दिवसही न चुकवता.

दवाखान्यातले उपचारही आहेत. ताठ स्नायू सैल करायची बोटॉक्सची सुई १९९० च्या दशकापासून मुलांना देतात. काही महिने असर राहतो आणि त्या महिन्यांत सराव केला तरच उपयोग. काही मुलांना पुढे शस्त्रक्रिया लागते. कुणाला कधी, हे वयावर आणि मुलावर ठरतं. परदेशातलं सगळंच आपल्याला लागू पडतं असंही नाही. जन्मताना श्वास कोंडलेल्या बाळाला थंड ठेवायचा उपचार तिकडे फायद्याचा ठरला. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर तो तपासला, तेव्हा फायदा झाला नाही, उलट मृत्यू वाढले. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

आणि एक गोष्ट जरा आवाज चढवून सांगते. ‘स्टेम सेल’ नावाचा उपचार शहरात विकला जातो. लाखांत पैसे मागतात, जमीन विकून, दागिने मोडून लोक देतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे २०१७ चे नियम असं सांगतात की रक्ताच्या काही ठरावीक आजारांपलीकडे हा उपचार फक्त संशोधन म्हणून करता येतो आणि त्यासाठी रोग्याकडून पैसे घेता येत नाहीत. सी.पी. त्या ठरावीक आजारांत नाही. ‘पूर्ण बरं करतो’ असं कोणी म्हणालं, मग तो पांढऱ्या कोटातला असो की लिंबू-मिरचीवाला, गटात येऊन विचारा, मगच बटव्याला हात घाला.

कायद्यातही आपल्याला जागा मिळाली आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा उल्लेख आला. १९९९ मध्ये सी.पी., स्वमग्नता, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. त्याची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंतची, आणि तीत थेरपीचा खर्चही धरला जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं आली, त्यातही सी.पी. आहे. शाळेनं मूल नाकारायचं नाही. फारच अवघड असेल त्या मुलाला घरी शिक्षण मिळण्याची सोय २०१२ च्या दुरुस्तीनं शिक्षण हक्क कायद्यात झाली. यासाठी सगळ्यात आधी लागतं ते दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायलाही ते प्रमाणपत्र लागतं. कागद करायला चार खेपा होतात, म्हणून बाया कंटाळतात. एकट्या जाऊ नका, गटातली एक जण सोबत जा.

आपल्या भागासाठी अभिमानाची म्हणावी अशी एक तारीख आहे, ६ फेब्रुवारी २०१३. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशात सुरू झाला तो पालघरमधून. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं, आपला जिल्हा वेगळा झाला २०१४ च्या ऑगस्टमध्ये. या कार्यक्रमात डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर, चारही पाहतं. काही आढळलं तर मुलाला जिल्ह्याच्या केंद्रात पुढच्या उपचाराला पाठवायचं, तेही मोफत.

आता यात होतं काय, की पथक येतं त्या दिवशी हेच मूल अंगणवाडीत नसतं. आई लाजते, घरचे म्हणतात कशाला चारचौघांत न्यायचं. पटावर नावच नसतं. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. आपल्या पाड्यात, आळीत, चाळीत असं मूल कुणाच्या घरी आहे ते आठवा. चार महिने झाले तरी मान डगडगते, नऊ महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही, मुठी सतत मिटलेल्या, वर्षाच्या आतच एकच हात वापरतं आणि दुसरा वापरतच नाही, अंग फार ताठ किंवा फार लुळं, ही त्याची चिन्हं. अंगणवाडी ताईंना विचारा पथक कोणत्या तारखेला येणार, ती तारीख त्या आईला सांगा, आणि त्या दिवशी तिच्या घरी जाऊन मुलाला आणि तिला दोघांनाही घेऊन या. बाळाचा जन्मकागद, दवाखान्याची जुनी चिठ्ठी आणि आधार कार्ड पिशवीत घ्यायला सांगा, नाहीतर तिथून परत पाठवतात.